किती खेपा पडल्या ते विचारा

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण विषय प्रत्येकाच्या घरातला आहे, म्हणून सवडीने वाचा.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंबरोबर ग्रामपंचायतीत गेलो होतो. काम साधं होतं. घराचा नमुना नंबर ८ चा उतारा हवा होता. काका दोन वर्षांपूर्वी गेले, घर अजून त्यांच्याच नावावर. वारस नोंद करायची तर आधी उतारा पाहिजे. पंचायतीच्या भिंतीवर भलामोठा फलक लावलाय, 'सर्व दाखले आता ऑनलाइन'. खाली क्यूआर कोड. त्या कोडवर पावसाळ्याचं पाणी असं उतरलंय की मोबाइल काही केल्या तो ओळखत नाही.

पहिल्या दिवशी नेट नव्हतं. दुसऱ्या खेपेला नेट होतं पण संगणक परिचालक नव्हता, कारण त्या दिवशी तो दुसऱ्या पंचायतीत बसतो. तिसऱ्या खेपेला नेटही होतं, माणूसही होता. उतारा निघाला, स्वच्छ छापील. फक्त काकांचं 'जगन्नाथ' हे नाव त्यात 'जनार्दन' झालेलं. जुन्या हाताने लिहिलेल्या वहीत बरोबर होतं, संगणकात चढवताना चुकलं. मग दुरुस्तीचा अर्ज, मासिक सभेत ठेवतो म्हणाले. चौथ्या खेपेला कळलं की सभा पुढे गेली. पाचव्या खेपेला उतारा हातात पडला.

काकू मासळी विकतात. सकाळ गेली की त्यांचा दिवस गेला. वाडीपासून पंचायतीपर्यंत सहा आसनी रिक्षाचं भाडं वेगळं. त्या पाच सकाळींचा हिशोब कुठल्याही पोर्टलवर नाही.

आता मजा ऐका. परिचालकाने काकूंचा अर्ज ऑनलाइन भरला तो पाचव्या दिवशी. म्हणजे उतारा तयार झाल्यावर. अर्ज भरला, अर्ध्या तासात निकाली काढला. तालुक्याला जो अहवाल जातो त्यात ही सेवा 'मुदतीत' आणि निकालाचं प्रमाण शंभर टक्के. मी विचारलं तर म्हणाला, "दादा, आधी भरला आणि नाव दुरुस्तीत अडकला तर तो लाल दिसतो. मग वरून फोन येतो." पंचायतीचं नाव सांगत नाही, कारण ती पंचायत वाईट नाही. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) भला माणूस आहे. परिचालकही. वर आकडा हिरवा दिसला पाहिजे म्हणून खाली जे करावं लागतं ते ते करतात, बस्स.

माझं म्हणणं एवढंच आहे. ऑनलाइन सेवा चालली की नाही हे किती अर्ज आले आणि किती निकाली निघाले यावरून कळत नाही. माणसाच्या किती खेपा पडल्या यावरून कळतं. ज्या कारभाराने खेपा कमी केल्या तो यशस्वी. ज्याने फक्त फलक लावला त्याने फलक लावला.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेची मुदत ठरलेली आहे, ती कोण देणार तो अधिकारी ठरलेला आहे, आणि ही माहिती कार्यालयात दिसेल अशी लावणं बंधनकारक आहे. मुदतीत काम झालं नाही तर त्याच खात्यात पहिलं आणि दुसरं अपील, तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कारण नसताना सेवा अडवली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. आपल्या ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यूचा दाखला, विवाह नोंदणी, थकबाकी नसल्याचा दाखला, नमुना ८ या सेवा या कायद्याखाली येतात.

पण यात एक मेख आहे. मुदतीचं घड्याळ अर्जाची पोच मिळाल्यापासून सुरू होतं. काकूंना पहिल्या चार खेपांत पोचच मिळाली नाही. "नेट नाही, उद्या या" याला पोच नसते. म्हणजे कायद्याच्या नजरेत काकू त्या चार दिवशी पंचायतीत आल्याच नव्हत्या! बाकी सगळं नंतर बघू, पण दारात आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पोच मिळाली पाहिजे. नेट नसेल तर कागदावर, तारीख आणि शिक्का मारून.

आता कोणी म्हणेल, हे सगळं आपल्याकडे जमणार नाही, त्याला पुढारलेली शहरं लागतात. तसं नाही. संगणक नव्हता तेव्हाही हे जमलेलं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखीना अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी होते. त्यांनी काय केलं? कार्यालयातल्या फायलींचे ढिगारे उपसले, वर्गवारी लावली, कारकुनांच्या बसण्याची रचना बदलली, लोकांना माहिती कुठे मिळेल ते ठरवलं. त्याला पुढे 'लखीना पॅटर्न' असं नाव पडलं आणि देशभरातून लोक ते कार्यालय बघायला आले. आज सरकारी कार्यालयात गठ्ठे नीट लावलेले दिसले की जुने कर्मचारी अजून ते नाव घेतात.

संगणकाच्या जमान्यातलं उदाहरण आपल्या शेजारच्याच ठाणे जिल्ह्यातलं. कल्याण-डोंबिवली महापालिकेने २००२ च्या सुमारास नागरी सुविधा केंद्र सुरू केलं. एकाच ठिकाणी अर्ज, पोच, आणि कुठल्या टेबलावर किती दिवस अर्ज पडून आहे ते आयुक्तांना दिसणार. राज्य सरकारने पुढे तोच नमुना इतर नगरपालिकांसाठी उचलला. सॉफ्टवेअर उचलता आलं, पण आधी आतल्या कामाची पद्धत बदलावी लागते, ती काही सीडीवर येत नाही. त्यामुळे सगळीकडे कल्याण झालं असं काही म्हणता येणार नाही.

आणि सरकारी सेवा ऑनलाइन करून खरंच खेपा वाचल्या असं आपल्याकडे काहीच नाही का? आहे की. सातबारा. १ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. पंधरा रुपये भरा, घरबसल्या घ्या. पूर्वी त्यासाठी तलाठी सजाच्या दारात किती बसायला लागायचं ते आपल्या वडिलांना विचारा. हे जमलं ते एका रात्रीत नाही. त्याआधी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं होतं. संगणकातला सातबारा गावात मोठ्याने वाचायचा, ज्याचं नाव, क्षेत्र, हिस्सा चुकलाय त्याने तिथेच हात वर करायचा. आमच्याकडे त्या वाचनाला गर्दी फार नव्हती हे कबूल. ज्यांनी तेव्हा लक्ष दिलं नाही ते अजून कलम १५५ चा दुरुस्ती अर्ज घेऊन तहसीलला फिरतायत. पण पद्धत बरोबर होती. आधी नोंद गावासमोर वाचा, मग ती ऑनलाइन टाका.

नमुना ८ च्या बाबतीत हे वाचन कधी झालं? माझ्या आठवणीत तरी नाही. वह्या उचलल्या, कोणाला तरी बसवून संगणकात भरल्या, आणि घोळ होता तसा ऑनलाइन झाला. पूर्वी घोळ वहीत होता तेव्हा ग्रामसेवक खाडाखोड करून सही तरी करायचा. आता तो घोळ डिजिटल आहे, त्याला ठराव लागतो.

आपल्या किनाऱ्यावर या नोंदींची किंमत काय असते ते ३ जून २०२० ला कळलं. निसर्ग वादळाच्या वेळी श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडकडच्या काही गावांत महिनाभराहून जास्त वीज नव्हती. टॉवर मुके. फोन लावायचा तर रेंज शोधत डोंगरावर चढायचं. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांनी पंचनामे केले ते कागदावरच. पुढे मदत बँक खात्यात येणार म्हटल्यावर खरा खेळ सुरू झाला. वाडी सामाईक. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातले अर्धे मुंबईला, काही वारलेले, काहींचा पत्ताच नाही. संमतीपत्र आणा म्हणाले. नारळ-सुपारी आडवी पडलेली, आणि माणूस चुलत चुलत्याची सही मिळवायला गिरगाव ते विरार फिरतोय. मी जे पाहिलं त्यात ज्या पंचायतीची घरपट्टीची वही चोख होती तिथली घरांची यादी पटकन लागली. नेट होतं की नव्हतं याचा तिथे काही संबंध नव्हता.

म्हणून मी किनाऱ्यावरच्या पंचायतींना सांगेन, संगणकात सगळं ठेवा, पण वर्षातून एकदा तरी पावसाळ्याआधी घरपट्टीची आणि खात्यांची यादी छापून कपाटात ठेवा. जुनाट वाटेल. वाटू दे.

आता माणसाकडे येऊ, कारण सगळं अडतं ते इथे. २०११ मध्ये संग्राम प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक आणि परिचालक आले. २०१५ च्या अखेरीस तो प्रकल्प संपला, मग 'आपले सरकार सेवा केंद्र' आलं. मधल्या काळात पोरं घरी. नव्या व्यवस्थेत पंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून महिन्याला १२ हजार ३३१ रुपये एका केंद्रासाठी वर जायचे, आणि परिचालकाच्या हातात त्यातले सहा-सात हजार पडायचे, तेही कधी तीन-तीन महिन्यांनी. त्यासाठी त्यांनी आझाद मैदानावर आणि नागपूर अधिवेशनावर किती मोर्चे काढले! नंतर मानधन वाढलं, पण आजही आपल्या किनाऱ्यावर हुशार पोराला एखाद्या रिसॉर्टच्या काउंटरवर यापेक्षा बरे पैसे मिळतात. मग तो का थांबेल? तो गेला की नवा येतो, त्याला वाडीतली घरं माहीत नसतात, आणि जगन्नाथचा जनार्दन होतो.

एका परिचालकाकडे दोन-तीन पंचायती, सही करणाऱ्या अधिकाऱ्याकडे तशाच, मग लॉगिन कोण कोणाचं वापरतं याला धरबंध राहत नाही. पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. हसण्यावारी नेऊ नका. यवतमाळ जिल्ह्यातल्या शेंदुरसनी या जेमतेम दीड हजार वस्तीच्या गावाच्या नावावर २७ हजारांहून जास्त जन्मनोंदी झाल्याचं २०२५ च्या शेवटी उघड झालं. पंचायतीचं लॉगिन म्हणजे पंचायतीचा शिक्का. पूर्वी शिक्का कुलुपात असायचा.

दुसरी गोष्ट, या सेवा कोणाला डोळ्यासमोर ठेवून बनवतात कोण जाणे. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणी, म्हणजे ओटीपी त्यांच्या फोनवर. त्या खात्याच्या मंत्री आपल्याच श्रीवर्धनच्या, त्यामुळे इथल्या घरांची त्यांना माहिती नसेल असं मी म्हणणार नाही. पण ज्याने तो फॉर्म बनवला त्याला नक्की नव्हती. आपल्याकडे नवरा बोटीवर असतो, तिथे रेंज नाही. म्हसळा-श्रीवर्धनकडे तो आखातात असतो. फोन नंबर आधारला जोडलेला तो चार वर्षांपूर्वीचा, कधीच बंद पडलेला. विधवा आणि एकट्या बायकांचा प्रश्न तर सुरुवातीला कोणी विचारातच घेतला नव्हता. मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. आणि या सगळ्यातून वाट कोणी काढली? अंगणवाडीच्या ताईंनी, पंचायतीतल्या परिचालकाने, नाक्यावरच्या सीएससीवाल्या पोराने. बोट संध्याकाळी बंदराला लागली की नवऱ्याला फोन, "भाऊ, आता आकडा सांगा पटकन." हे काम कुठल्या अहवालात येत नाही आणि त्याचे पैसेही कोणी देत नाही.

अंगठ्याचं तर विचारूच नका. मासळी साफ करून, जाळी ओढून बोटांच्या रेषा गेलेल्या. मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.

मग खेपा वाचवायच्या कशा? पैसा लागतोच असं नाही, आपलं पंचांग बघितलं तरी पुष्कळ होईल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सगळे पुरुष घरी. आधार-मोबाइल जोडणी, ओटीपी, वारस नोंद यांची शिबिरं त्या दोन महिन्यांत कोळीवाड्यातच लावा. आपल्याकडे शिबिर कधी लागतं? आर्थिक वर्ष संपत आलं की मार्चमध्ये, तालुक्याच्या गावी. तसंच गणपतीत चाकरमानी गावात असतात. सामाईक वाडीच्या सगळ्या सह्या एका ओटीवर मिळतात ते वर्षातले पाच दिवस. तलाठी आणि पंचायतीचा माणूस त्यातला एक दिवस जरी वाडीत बसला तरी मुंबईच्या पन्नास खेपा वाचतील. आरतीला येतातच की ते, येताना लॅपटॉप आणायचा.

राज्यातलं एक उदाहरण मला यात फार आवडलं. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातली रोहिणी ग्रामपंचायत. आदिवासी भाग, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून. सरपंच डॉ. आनंदराव पावरा यांच्या काळात पंचायतीचं कार्यालय पूर्ण कागदविरहित झालं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमच्या परिषदेत त्यांना केंद्राचा राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स सुवर्ण पुरस्कार मिळाला. बातमीत १,०२७ ऑनलाइन सेवा हा आकडा ठळक होता. मला त्याचं एवढं काही वाटलं नाही, गावात हजार सेवा कोणाला लागतात? मला भावलं ते हे की घरोघरी साधे एसएमएस जातात आणि तक्रारीचं पुढे काय झालं ते दिसतं. एसएमएस साध्या बटणाच्या फोनवरही वाजतो. वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' म्हणून सत्तर गावांत संगणक बसवले होते, मोठा गाजावाजा झाला होता. शेतकऱ्यांनी त्यांचा उपयोग करून घेतला तो मुख्यतः उसाचं वजन आणि बिल बघायला. पुढे काही वर्षांनी तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं तर तेही चाललं. ज्याची गरज आहे ती माहिती, हातात जे आहे त्यावर. आता 'आपले सरकार' व्हॉट्सअॅपवर आणण्याची घोषणा झाली आहे. येऊ दे, चांगलंच आहे. पण समोरून "आपल्या उताऱ्यात नाव चुकले आहे, कार्यालयात संपर्क साधा" असाच मेसेज येणार असेल तर खेप तीच.

जाता जाता एस्टोनियाचं सांगतो, कारण ऑनलाइन कारभार म्हटलं की त्या देशाचं नाव येतंच. लोकसंख्या तेरा-साडेतेरा लाख, म्हणजे आपल्या रायगडच्या निम्मी (आपण २०११ च्या जनगणनेतच २६ लाखांवर होतो). तिथलं मला कळलेलं गुपित एकच, सरकारकडे जी माहिती आधीच आहे ती माणसाकडून पुन्हा मागायची नाही. २००१ पासून त्यांची खाती एकमेकांशी संगणकातून बोलतात. काकांचा मृत्यूचा दाखला त्याच पंचायतीने दिला होता. त्याच पंचायतीने वारस नोंदीसाठी त्याची झेरॉक्स मागितली. दोन कपाटांमध्ये अंतर चार फूट.

डिसेंबर २०२५ मध्ये अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, उरण, पेण इथे बऱ्याच वर्षांनी नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, प्रशासकाचा कारभार संपला. नव्या नगरसेवकांपैकी काही जण ही पोस्ट वाचत असतील. तुम्ही नवीन अॅप काढू नका, कृपा करून. आहे त्या खिडकीत एक वही ठेवा. आलेल्या प्रत्येकाचं नाव, काम आणि ही कितवी खेप, एवढं लिहा. महिन्याच्या शेवटी ती वही सभेत वाचा. कुठला दाखला लोकांना पळवतो ते तुम्हाला त्या एका वहीतून कळेल, सल्लागार नेमावा लागणार नाही.

आमच्या पंचायतीत १ मेच्या ग्रामसभेत मी नमुना ८ च्या चावडी वाचनाचा ठराव मांडणार आहे. वाडीवार, एका संध्याकाळी एक वाडी, घरमालकाचं नाव मोठ्याने वाचायचं आणि चूक तिथेच टिपून घ्यायची. दुरुस्तीचा एकच एकत्रित ठराव, म्हणजे प्रत्येकाला मासिक सभेची वाट बघायला नको. त्याच ठरावात दुसरं कलम, नेट असो नसो, पहिल्या दिवशी पोच. सरपंचांशी बोललोय, ते नाही म्हणाले नाहीत. परिचालक म्हणाला, वाचायला मी येतो, पण त्या संध्याकाळचे चहा-पाण्याचे तरी बघा. रास्त आहे. ते आम्ही चार जण बघू.

काकूंची वारस नोंद अजून व्हायची आहे. परवा पहिली खेप झाली. नेट होतं.